विश्लेषण : कारखान्याच्या धुराला सरकारी संमती, पण शेजाऱ्यांना विचारतो कोण?

प्रत्येक मोठ्या कारखान्याच्या चिमणीमागे एक सरकारी कागद असतो. किती धूर सोडायचा, कोणते इंधन जाळायचे, चिमणी किती उंच हवी, हे सारे त्यात लिहिलेले असते. हा कागद कसा तयार होतो, त्याच्या अटी कोण तपासते आणि अटी मोडल्यास काय होते, याचा आढावा.

हिवाळा सुरू झाला की हवेच्या गुणवत्ता निर्देशांकाची चर्चा सुरू होते. मोबाइलवर लाल-जांभळे आकडे दिसतात, बांधकामे थांबवण्याच्या घोषणा होतात, रस्त्यांवर पाणी मारणारे टँकर फिरू लागतात. फेब्रुवारीत वारा सुटला की चर्चाही विरते. तारापूर, डोंबिवली, चंद्रपूर किंवा घुग्घूसच्या रहिवाशांसाठी मात्र हा प्रश्न मोसमी नाही. रात्री येणारा उग्र वास आणि सकाळी गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर बसलेली काजळी त्यांच्या ओळखीची असते. तक्रार केली की उत्तरही ओळखीचेच मिळते, ‘कारखान्याकडे वैध संमतीपत्र आहे.’

उत्तर बहुतेक वेळा खरे असते. म्हणूनच हे संमतीपत्र म्हणजे काय, हे समजून घेणे गरजेचे आहे.

संमतीपत्र म्हणजे नेमके काय?

वायू (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) कायदा १९८१ चा. १९७२ मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या संयुक्त राष्ट्रांच्या परिषदेतील निर्णयांची अंमलबजावणी म्हणून संसदेने तो केला. या कायद्याच्या कलम २१ नुसार, वायू प्रदूषण नियंत्रण क्षेत्रात राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पूर्वसंमतीशिवाय कोणालाही औद्योगिक प्रकल्प उभारता किंवा चालवता येत नाही. आपल्याकडे हे काम महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाचे. हे मंडळ १९७० पासून, म्हणजे या कायद्याच्याही आधीपासून अस्तित्वात आहे. राज्याच्या जलप्रदूषणविषयक कायद्याखाली ते स्थापन झाले होते.

संमती दोन टप्प्यांत मिळते. कारखाना उभारण्याआधी ‘कन्सेंट टू एस्टॅब्लिश’ म्हणजे स्थापनेची संमती. आणि उभारणी झाल्यावर, यंत्रे सुरू करण्याआधी ‘कन्सेंट टू ऑपरेट’ म्हणजे चालवण्याची संमती. अर्ज आल्यापासून चार महिन्यांत मंडळाने निर्णय द्यावा, असे कायदा सांगतो. संमती नाकारायची असेल तर लेखी कारणे द्यावी लागतात. अटी पाळल्या जात नसतील तर मुदतीआधीही संमती रद्द करता येते, मात्र त्याआधी कारखान्याला बाजू मांडण्याची संधी द्यावी लागते.

हे पत्र म्हणजे एका ओळीचा परवाना नव्हे. कोणते उत्पादन, महिन्याला किती; बॉयलरमध्ये कोळसा, फर्नेस ऑइल की गॅस, आणि दिवसाला किती; कोणत्या चिमणीला कोणते नियंत्रक यंत्र; त्या चिमणीतून धूलिकण आणि गंधकाचे वायू किती प्रमाणात सोडता येतील; मोजणी कितीदा करायची; हे सारे त्यात येते. महाराष्ट्रातील संमतीपत्रांत हवेविषयीच्या अटी साधारणपणे दुसऱ्या परिशिष्टात आणि बँक हमीचा तपशील तिसऱ्या परिशिष्टात असतो. एखाद्या कारखान्याबद्दल तक्रार असेल, तर वाचायला सुरुवात तिथून करावी.

लाल, नारिंगी, हिरवा : रंगांचा अर्थ

सर्व उद्योगांना एकाच मापाने मोजत नाहीत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये प्रदूषण निर्देशांकाच्या आधारे उद्योगांचे लाल, नारिंगी, हिरवा आणि पांढरा असे चार वर्ग केले. लाल वर्गात औष्णिक वीज केंद्रे, सिमेंट, पोलाद, रसायने असे उद्योग येतात. पांढऱ्या वर्गात जवळजवळ प्रदूषण न करणारे. २०२५ मध्ये या वर्गवारीत बदल होऊन घनकचरा व सांडपाणी प्रक्रियेसारख्या सेवांसाठी निळा वर्गही आला.

रंगावर दोन गोष्टी ठरतात. पहिली, संमतीची मुदत. लाल वर्गाला साधारण ५ वर्षे, नारिंगीला १० आणि हिरव्याला १५ वर्षे असा देशपातळीवरचा ढोबळ संकेत होता. दुसरी, तपासणी किती वेळा व्हावी. पांढऱ्या वर्गातील उद्योगांना नोव्हेंबर २०२४ च्या केंद्रीय अधिसूचनेने संमती घेण्यातूनच सूट दिली. हे योग्यच आहे. मनुष्यबळ अपुरे असलेल्या यंत्रणेने निरुपद्रवी कारखान्यांची कागदपत्रे तपासत बसण्यात अर्थ नाही. पण अशा सवलतींमुळे वाचलेला वेळ लाल वर्गातील चिमण्यांवर खर्च होतो आहे का, हे विचारायला हवे.

धुराची मर्यादा कशी ठरते?

मर्यादा सहसा ‘मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर’ या एककात असते. म्हणजे ठरावीक तापमान आणि दाबाला आणलेल्या एक घनमीटर वायूत किती मिलिग्रॅम प्रदूषक चालेल. वेगळे मानक नसलेल्या उद्योगांसाठी धूलिकणांची सर्वसाधारण मर्यादा १५० मिलिग्रॅम आहे. वीज केंद्रे, सिमेंट, बॉयलर अशा अनेकांसाठी स्वतंत्र मानके आहेत. ही मानके केंद्र सरकार १९८६ च्या पर्यावरण (संरक्षण) कायद्याखाली ठरवते. राज्य मंडळ ती अधिक कडक करू शकते, सैल करू शकत नाही. स्थानिक परिस्थिती पाहून जास्त कडक अट घालण्याचा अधिकार मुंबईत बसलेल्या मंडळाकडे आहे, ही बाब अनेकदा विसरली जाते.

आता थोडे गणित. एका चिमणीतून तासाला एक लाख घनमीटर वायू बाहेर पडतो आणि त्यात धूलिकण नेमके मर्यादेइतके, १५० मिलिग्रॅम आहेत असे समजू. तासाला १५ किलो धूळ झाली. दिवसाला ३६० किलो. वर्षातले ३३० दिवस कारखाना चालला तर जवळजवळ ११९ टन. आणि हे सर्व नियमात राहून.

याच गणितात एक पळवाट दडलेली आहे. चिमणीत तेवढीच स्वच्छ हवा मिसळली तर वायूचे आकारमान दुप्पट होते आणि आकडा १५० वरून ७५ वर येतो. बाहेर पडणारी धूळ मात्र तासाला १५ किलोच राहते. दुधात पाणी घालावे तसा हा प्रकार. म्हणून अनेक मानकांत मोजणी ठरावीक ऑक्सिजन किंवा कार्बन डायऑक्साइडच्या प्रमाणाला आणून करावी लागते. ती दुरुस्ती न करता दिलेला आकडा कितीही छान दिसला, तरी फसवा असतो.

चिमणीच्या उंचीचेही सूत्र आहे. तासाला किती किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो, त्या आकड्याचा ०.३ घात घ्यायचा आणि त्याला १४ ने गुणायचे. तासाला १०० किलो वायू सोडणाऱ्या कारखान्याला सुमारे ५६ मीटर उंच चिमणी लागते. वायू दुप्पट झाला तर उंची सुमारे ६९ मीटर, म्हणजे जेमतेम पाव भागाने जास्त. उंच चिमणी प्रदूषण कमी करत नाही. ते दूरवर आणि पातळ करून पसरवते. पायथ्याशी असलेल्या वस्तीला त्याचा फायदा होतो, दहा-वीस किलोमीटरवरच्या गावाला वाटा मिळतो.

सगळे नियमात, तरी हवा नियमाबाहेर

संमतीपत्र एका कारखान्यासाठी असते, पण श्वास संपूर्ण परिसराच्या हवेत घ्यावा लागतो. वरच्या उदाहरणातले दहा कारखाने शेजारी-शेजारी असतील तर रोजची धूळ ३,६०० किलो होते. प्रत्येकाचे कागद चोख असतात. परिसराच्या हवेची मानके मात्र वेगळी आहेत. २००९ च्या राष्ट्रीय मानकांनुसार अतिसूक्ष्म धूलिकण, म्हणजे पीएम २.५, वर्षाच्या सरासरीत प्रति घनमीटर ४० मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावेत. जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची शिफारस तर अवघ्या ५ ची आहे. चिमणीची मर्यादा आणि परिसराची मर्यादा यांना जोडणारा दुवा आपल्या संमती प्रक्रियेत फार कच्चा आहे. ‘या खोऱ्यात किंवा या औद्योगिक वसाहतीत आता आणखी किती धूर मावेल?’ हा प्रश्न अकरावा अर्ज आल्यावर विचारला जातोच असे नाही.

याचे परिणाम सरकारी आकड्यांतच दिसतात. केंद्रीय मंडळाने २००९ मध्ये देशातील ८८ औद्योगिक समूहांचा प्रदूषण निर्देशांक काढला. ७० च्या वर गुण म्हणजे ‘अतिप्रदूषित’. त्या ४३ समूहांत महाराष्ट्रातील पाच होते : चंद्रपूर, डोंबिवली, औरंगाबाद, नवी मुंबई आणि तारापूर. चंद्रपूरचे गुण ८३.८८. पुढे २०१८ च्या मूल्यमापनात तारापूर ९३.६९ गुणांसह देशात सर्वांत वर पोहोचले. मधल्या नऊ वर्षांत तिथले कारखाने बेकायदा चालत होते असे नव्हे. संमतीपत्रे दिली जात होती, नूतनीकरणे होत होती. परवाने देणारी यंत्रणा काम करत असतानाच हवा-पाणी बिघडत गेले. यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता हवा?

मोजतो कोण?

बहुतांश वेळा कारखानाच. ठरलेल्या काळाने चिमणीचा नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून अहवाल मंडळाला सादर करायचा असतो. प्रयोगशाळा निवडतो कारखाना, पैसे देतो कारखाना. परीक्षार्थ्यानेच परीक्षक नेमायचा आणि त्याचे मानधनही द्यायचे, असा हा मामला आहे.

यातून काय होते हे गुजरातमध्ये प्रत्यक्ष तपासले गेले. एस्थर दुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन या अर्थतज्ज्ञांनी गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळासोबत केलेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या पद्धतीत लेखापरीक्षकांचे आकडे संशयास्पदरीत्या मर्यादेच्या किंचित खाली गर्दी करत होते. मग काही कारखान्यांसाठी परीक्षक चिठ्ठी टाकून नेमले गेले, त्यांचे पैसे सामायिक निधीतून दिले गेले आणि काही मोजण्या पुन्हा करून पाहिल्या गेल्या. परीक्षक खरे आकडे देऊ लागले. आणि आकडे खरे येऊ लागल्यावर कारखान्यांनी प्रदूषणही कमी केले. कायदा तोच, मर्यादा त्याच. बदलला तो फक्त पैसे देणारा हात.

दुसरा मार्ग यंत्रांचा. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्रीय मंडळाने १७ प्रकारच्या अतिप्रदूषक उद्योगांना चिमणीवर सतत मोजणी करणारी यंत्रे बसवून त्यांचे आकडे थेट मंडळाच्या सर्व्हरला पाठवण्याचे आदेश दिले. मर्यादा ओलांडली की इशारा जातो. पण या आकड्यांचा वापर मुख्यतः इशाऱ्यापुरता होतो. कारवाईसाठी कायद्याच्या कलम २६ नुसार अधिकाऱ्याने जाऊन, मालकाला सूचना देऊन, दोघांच्या सह्यांनिशी मोहोरबंद नमुना घ्यावा लागतो. रात्री दोन वाजता सोडलेल्या धुराचा नमुना दुपारी तीन वाजता घेता येत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यात राज्योराज्यीच्या मंडळांमधील रिक्त पदांबद्दल राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण आणि सर्वोच्च न्यायालय यांनी वारंवार नाराजी व्यक्त केली आहे.

महाराष्ट्राने याबाबत एक चांगले पाऊल उचलले होते. जून २०१७ मध्ये राज्य मंडळाने कारखान्यांना धूलिकणांच्या आकड्यांवरून एक ते पाच तारे देणारी योजना सुरू केली. गुंतागुंतीचा आकडा सामान्य माणसाला कळेल अशा खुणेत बदलणे, ही कल्पना उत्तम होती. पण तारे संमतीच्या नूतनीकरणाशी कडकपणे जोडले जात नाहीत, तोवर एक तारा मिळालेल्या कारखान्याला लाज वाटण्यापलीकडे फारसे काही सोसावे लागत नाही.

अटी मोडल्या तर?

मंडळाच्या हातातले सर्वांत धारदार हत्यार म्हणजे कलम ३१ अ. १९८७ च्या दुरुस्तीने आलेल्या या कलमानुसार कारखाना बंद करण्याचे, त्याची वीज-पाणी तोडण्याचे आदेश देता येतात. त्याखालोखाल बँक हमी. कारखान्याने ठरावीक रकमेची हमी द्यायची, अट मोडली तर ती जप्त. प्रदूषण मंडळांना अशी भरपाई वसूल करता येते का, यावर वाद होता. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या प्रकरणात मंडळांचा हा अधिकार मान्य केला.

शिक्षेचा भाग मात्र सौम्य झाला आहे. मर्यादेपेक्षा जास्त प्रदूषण केल्यास पूर्वी कलम ३७ नुसार किमान दीड वर्ष आणि कमाल सहा वर्षे तुरुंगवासाची तरतूद होती. २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ती बदलली. १ एप्रिल २०२४ पासून अशा उल्लंघनासाठी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे आणि तो न्यायालयाऐवजी सरकारने नेमलेला अधिकारी ठरवतो.

या बदलामागचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तुरुंगवासाची तरतूद कागदावर होती, पण खटले वर्षानुवर्षे रेंगाळत आणि शिक्षा क्वचितच होई. दंड लवकर वसूल झाला तर तो जास्त परिणामकारक ठरू शकतो. पण त्यासाठी दंड प्रदूषण नियंत्रणाच्या खर्चापेक्षा मोठा असायला हवा. स्क्रबर चालवायला वीज आणि रसायने लागतात, बॅगफिल्टरच्या पिशव्या बदलाव्या लागतात. मोठ्या कारखान्याचा हा खर्च १५ लाखांपेक्षा बराच जास्त असेल, तर तो दंड न राहता यंत्र बंद ठेवण्याचे भाडे ठरतो.

एकच वायू, दोन जिल्हे : डहाणू आणि चंद्रपूर

परवान्यातील अट कशामुळे जिवंत राहते, याचे उत्तर महाराष्ट्रातच सापडते.

डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. तिथल्या ५०० मेगावॉटच्या औष्णिक वीज केंद्राला परवानगी देताना धुरातील गंधकाचा वायू काढून घेणारे संयंत्र बसवण्याची अट होती. केंद्र सुरू झाले, संयंत्र बसले नाही. चिकूच्या बागायतदारांनी आणि स्थानिक रहिवाशांनी पाठपुरावा सोडला नाही. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. प्राधिकरणासमोर कंपनी आणि बागायतदार दोघेही बसत, आणि बागायतदाराच्या प्रश्नाला कंपनीला उत्तर द्यावे लागे. मोठ्या रकमेच्या बँक हमीचा आदेश निघाला. अखेर २००७ मध्ये संयंत्र सुरू झाले. तेव्हा देशातील फारच थोड्या वीज केंद्रांकडे अशी यंत्रणा होती.

आता चंद्रपूर. तिथल्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॉट, डहाणूच्या जवळजवळ सहापट. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने देशभरातील कोळशावरील वीज केंद्रांसाठी सल्फर डायऑक्साइडची मर्यादा ठरवली. ५०० मेगावॉटच्या जुन्या संचांसाठी २०० मिलिग्रॅम, त्याहून लहान संचांसाठी ६००. मुदत दोन वर्षे. ती मुदत २०२२ पर्यंत गेली, मग २०२४ ते २०२६, मग २०२७ ते २०२९. जुलै २०२५ मध्ये तर देशातील तीन-चतुर्थांशाहून अधिक संचांना या संयंत्राच्या सक्तीतून मोकळे करण्यात आले. दिल्ली परिसर आणि दहा लाखांवर लोकसंख्येच्या शहरांलगतच्या केंद्रांवर सक्ती कायम राहिली. अतिप्रदूषित पट्टे आणि हवेच्या निकषांत नापास झालेल्या शहरांपासून दहा किलोमीटरच्या आतील केंद्रांचा निर्णय प्रकरणागणिक होणार आहे. चंद्रपूर याच मधल्या वर्गात मोडते. म्हणजे तिथल्या माणसाला अजून ‘विचाराधीन’ राहायचे आहे.

सरकारचे म्हणणे असे की भारतीय कोळशात गंधक कमी असते, परिसरातील या वायूची पातळी मर्यादेतच आहे आणि संयंत्रांमुळे वीज महागेल. यातला खर्चाचा मुद्दा खरा आहे. पण हा वायू हवेत वायू म्हणूनच राहत नाही. त्यातून सल्फेटचे अतिसूक्ष्म कण तयार होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात. ज्या पीएम २.५ बद्दल आपण दर हिवाळ्यात चिंता करतो, त्यात या कणांचाही वाटा असतो.

डहाणूची अट कंपनीच्या मर्जीने पुरी झाली नाही आणि मंडळाच्या एखाद्या नोटिशीनेही नाही. स्थानिक माणसाला प्रश्न विचारायला कायदेशीर जागा मिळाली आणि समोरच्याला उत्तर देणे भाग पडले, म्हणून ती पुरी झाली. चंद्रपूरला अशी जागा मिळाली नाही. तिथे वीजनिर्मिती कंपनी राज्य सरकारची आणि संमती देणारे मंडळही राज्य सरकारचेच. अशा वेळी तर तिसऱ्या पक्षाची, म्हणजे नागरिकांची, उपस्थिती जास्तच गरजेची.

जनसुनावणी होते ना?

होते, पण ती संमतीपत्रासाठी नव्हे. २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकन अधिसूचनेखाली काही मोठ्या प्रकल्पांना उभारणीआधी पर्यावरण मंजुरी लागते. जनसुनावणी त्या टप्प्यावर, एकदाच होते. त्यातही मंजूर औद्योगिक वसाहतींमधील प्रकल्पांना सूट देण्याची तरतूद त्याच अधिसूचनेत आहे. आपल्याकडे बहुतेक कारखाने एमआयडीसीत असतात, हे लक्षात घेतले की या सूटीचे वजन कळते. नंतर दर काही वर्षांनी संमतीचे नूतनीकरण होते, तेव्हा शेजारच्या गावाला कोणी काही विचारत नाही. अटींत फारसा बदल नसेल तर स्वयंघोषणेवर नूतनीकरण करण्याची सोयही आहे.

अमेरिकेत १९९० पासून मोठ्या प्रदूषकांना जास्तीत जास्त पाच वर्षांचा परवाना मिळतो. त्याचा मसुदा प्रसिद्ध करून लोकांना हरकतींसाठी किमान ३० दिवस द्यावे लागतात, आणि नूतनीकरणालाही हेच लागू असते. तिथली हवा त्यामुळे आपोआप शुद्ध झाली असा दावा नाही. पण कागद संमत होण्याआधी तो शेजाऱ्याच्या नजरेखालून जातो.

उद्योगांची बाजू

छोट्या कारखानदाराची तक्रारही ऐकली पाहिजे. अर्ज, शुल्क, अहवाल, भेटी यांत त्याचा वेळ जातो. निरीक्षकाच्या मनमानीची भीती खोटी नसते. आणि प्रामाणिकपणे स्क्रबर चालवणाऱ्याचे उत्पादन महाग पडते, तर शेजारी रात्री यंत्र बंद ठेवणारा स्वस्तात माल विकतो. पारदर्शकतेचा पहिला लाभार्थी खरे तर हा प्रामाणिक कारखानदारच असेल.

केवळ तपासण्या वाढवून भागत नाही, हेही गुजरातच्याच दुसऱ्या अभ्यासात दिसले. भेटींची संख्या वाढली तरी प्रदूषणात विशेष घट झाली नाही, कारण जादा भेटी सर्वांत वाईट कारखान्यांकडे वळलेल्या नव्हत्या. उलट सुरतमध्ये २०१९ पासून तीनशेहून अधिक कारखान्यांच्या एकूण धूलिकणांवर सामायिक कमाल मर्यादा घालून, त्या मर्यादेतील वाटे आपापसांत विकण्या-घेण्याची मुभा दिली गेली. सतत मोजणी करणारी यंत्रे आणि कमी पडल्यास भरावी लागणारी अनामत यांमुळे धूलिकण २० ते ३० टक्क्यांनी घटले. उद्योग चालू राहिले. एकेका चिमणीऐवजी संपूर्ण परिसराचा हिशेब ठेवता येतो, हे सुरतने दाखवून दिले आहे.

काय बदलायला हवे?

नवा कायदा लागत नाही. चार गोष्टी आहे त्याच अधिकारांत करता येतील.

पहिली, लाल वर्गातील संमतीच्या प्रत्येक नूतनीकरणाआधी ३० दिवसांची जाहीर सूचना, अटींचा गोषवारा मराठीत, संबंधित ग्रामपंचायतीच्या किंवा प्रभागाच्या फलकावर. आजची संमतीपत्रे इंग्रजीत असतात. ज्यांच्या अंगणात धूर उतरतो त्यातल्या अनेकांना ती वाचता येत नाहीत.

दुसरी, नमुने तपासणारी प्रयोगशाळा मंडळाने चिठ्ठी टाकून नेमावी आणि तिचे शुल्क सामायिक निधीतून द्यावे.

तिसरी, चिमणीवरील यंत्रांचे आकडे संमतीपत्रातील मर्यादेशेजारी, सर्वांना पाहता येतील असे ठेवावेत. आकडा एकटा काही सांगत नाही. मर्यादा शेजारी असली की शाळकरी मुलालाही फरक कळतो.

चौथी, तारापूर, चंद्रपूर, डोंबिवली अशा पट्ट्यांसाठी एकूण प्रदूषणाची टनांतील कमाल मर्यादा ठरवावी आणि नवी किंवा वाढीव संमती त्या हिशेबातूनच द्यावी.

तोवर तुमच्या हातात काय?

मंडळाच्या संकेतस्थळावर कारखान्याच्या नावाने संमतीपत्र शोधता येते. त्यातले इंधन, उत्पादनाचे प्रमाण, चिमण्यांची संख्या आणि वैधता पाहा. गॅसची परवानगी असलेल्या कारखान्यात कोळशाचे ट्रक जात असतील, तर तक्रारीला मोजणीची वाट पाहावी लागत नाही. तक्रार करताना तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा आणि छायाचित्र जरूर जोडा. ‘खूप धूर येतो’ यापेक्षा ‘मंगळवारी रात्री १.४० ते २.१५, पश्चिमेकडील चिमणी’ ही नोंद कितीतरी जड असते.

दोन कलमेही लक्षात ठेवा. कलम ५१ नुसार संमती आणि मर्यादांची नोंदवही मंडळाने ठेवायची असते आणि बाधित व्यक्तीला ती पाहण्याचा हक्क आहे. कलम ४३ नुसार मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन नागरिक स्वतः न्यायालयात तक्रार दाखल करू शकतो. कायदा करणाऱ्यांनी शेजाऱ्याला पूर्ण विसरलेले नव्हते.

कारखाने हवेत, रोजगार हवेत, वीजही हवी. पण हवा ही कारखाना आणि सरकार या दोघांचीच मालमत्ता नाही. ज्या कागदावर त्या हवेचा सौदा होतो, त्यावर तिसऱ्या सहीला निदान एक मोकळी ओळ तरी असायला हवी.